कुसुंबनगरची टाकाबंदी

केळीच्या सालीवरून राजा धुरंधरराव घसरला, तोही पाहुण्यांच्या देखत! पगडी एकीकडे, मोजडी दुसरीकडे आणि महाराज मधोमध पालथे! पाहुणे हसले नसते तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण ते हसले, आणि महाराजांचं डोकं फिरलं.

"दवंडी पिटा!" ते पडल्यापडल्याच ओरडले. "आजपासून कुसुंबनगरात कुणीही उंबऱ्याबाहेर काही टाकायचं नाही. जो टाकेल तो वेशीबाहेर!"

झालं! लोकांनी या हुकमाचं नावच पाडलं, टाकाबंदी. घरोघरी करवंट्या साठल्या, फुटके माठ साठले, झिजून मुठीएवढे उरलेले खराटे साठले. करवंट्यांचे डाव केले, फुटक्या माठांत तुळशी लावल्या, फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. ते तर बायका आधीपासूनच करत होत्या! पण कांद्याच्या सालींचं काय करणार? आणि चुलीतल्या राखेनं भांडी घासून घासून किती घासणार? एका सोनाराचा जावई तर आंब्याच्या कोयींच्या ढिगावर बसून जेवला, आणि त्याला वाटलं, सासऱ्यांनी मुद्दाम उंच आसन दिलं!

राजवाड्याच्या दारावर हरबा नावाचा म्हातारा पहारेकरी होता. एका सकाळी कुत्र्यानं त्याच्या हातातली भाकरी पळवली. हरबानं पायातली तुटकी वहाण काढली आणि दिली भिरकावून! कुत्रं निसटलं, वहाण मात्र भर रस्त्यात पडली. "टाकली, टाकली!" शिपाई ओरडले, आणि त्यांनी हरबाला दरबारात उभं केलं.

हरबाची मुलगी साळू राजवाड्यात पाणी भरायची. तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि तशीच दरबारात घुसली. जीभ काही गप्प बसेना.

"महाराज, आबांचं वय झालं. या वयात ते कुठं जातील?"

"जिथं वहाण गेली तिथं!" महाराज म्हणाले. "महिना झाला, मी एक काडी बाहेर टाकलेली नाही. मला जमतं, मग तुम्हाला का जमू नये?"

"आपल्यालाही जमायचं नाही, महाराज!"

हरबानं कपाळावर हात मारला.

"अस्सं? मग ऐक! आज सूर्य मावळायच्या आत माझ्याच तोंडून 'हे बाहेर टाक' असं वदवून दाखव. वदवलंस तर तुझा बाप सुटला, वर हवं ते माग. नाहीतर बाप आणि लेक, दोघंही वेशीबाहेर!"

असं म्हणून महाराज शिवार पाहायला निघाले. पडल्यापासून ते कंबर शेकत घरातच होते. आज महिन्यानं पहिल्यांदा घोड्यावर बसले. मिशीला पीळ देत, हसत गेले.

"पोरी, तुझ्या जिभेला हाड आहे का?" हरबा रडकुंडीला आला. "चल, गाठोडं बांधू."

"आबा, गाठोडं राहू द्या," साळू म्हणाली. "महाराज घोड्यावरून गेलेत. परत यायचेतच की!" आणि ती भाकरी थापायला बसली.

सूर्य डोंगराला टेकता टेकता महाराज परतले. पोटात कावळे ओरडत होते आणि आतून तांबड्या रश्श्याचा वास येत होता. दारात साळू उभी होती, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरतुकडा. बाहेरून आलेल्या राजावरून तुकडा ओवाळायचा, तो बाहेर टाकायचा आणि मगच राजानं उंबरा ओलांडायचा, ही राजवाड्याची रीत.

साळूनं तुकडा ओवाळला. पुन्हा ओवाळला. ओवाळतच राहिली.

"अगं, मला चक्कर यायला लागली! आटप!"

"आटपलं की, महाराज. पण आता हा टाकू कुठं?"

महाराजांचा उचललेला पाय हवेतच राहिला.

"कोपऱ्यात ठेव!"

"आपली सगळी दृष्ट यात उतरलीय. कुणाच्या कोपऱ्यात ठेवू? आपल्या की आऊसाहेबांच्या?"

"माझ्या कोपऱ्यात नको गं बाई!" आतून राजाची आई, आऊसाहेब, कडाडल्या.

"मग तूच खा!"

"खाईन की! पण मग ती दृष्ट पोटात घेऊन मी आपल्याच घागरी भरणार. चालेल?"

"राहू दे तो तुकडा! मी असाच येतो."

"खबरदार, धुरंधर!" पुन्हा आऊसाहेब. "तुकडा टाकल्याशिवाय उंबरा ओलांडलास तर तंगडं मोडीन!"

"आण इकडं, मीच टाकतो!"

"टाका की! वेशीबाहेर आबांना सोबत होईल."

शिपायांनी हसू दाबायला मिशा चावल्या. सूर्य अर्धा बुडाला होता. साळूचा हात भरून आला होता. राजा हट्टाला पेटून असाच उभा राहिला तर आबांचं काय?

"आऊसाहेब," ती मोठ्यानं म्हणाली, "महाराजांचं ताट झाकून ठेवा. आज ते दारातच निजणार आहेत!"

"झाकायचं कशाला? रस्सा गरमच चांगला लागतो. आम्ही बसतो जेवायला!"

"टाक!" महाराज गरजले. "साळू, टाक तो तुकडा बाहेर!"

"जरा मोठ्यानं महाराज, आबांना कमी ऐकू येतं!"

"बाहेर टाक! टाक, टाक, टाक!"

सगळा रस्ता दारांआड कान लावूनच बसला होता. राजाचाच हुकूम! धाडधाड दारं उघडली. माठ आले, साली आल्या, कोयींचा पाऊस पडला, राखेचे ढग उठले. एक खराटा गरगरत आला आणि थेट महाराजांच्या पगडीत रुतला!

महाराजांनी डोक्यावरचा खराटा चाचपला आणि ते हसत सुटले. दुखरी कंबर धरून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"हरलो गं पोरी! हरबा सुटला, टाकाबंदी उठली. बोल, काय हवं?"

"वेशीबाहेर उकिरड्याला जागा द्या, महाराज. म्हणजे रस्त्यात काही पडायचं नाही."

"दिली! आणि तुला सोन्याच्या पाटल्या! आता तरी आत येऊ?"

"थांबा, महाराज!" साळूनं दुसरा तुकडा मोडला. "डोक्यावर खराटा पडला. पुन्हा ओवाळायला लागेल!"

महाराज हसत हसत दाराबाहेरच्या पायरीवरच मांडी घालून बसले. "आऊसाहेब," ते ओरडले, "रस्सा इथंच पाठवा!"