भिवरा कासारणीची बांगडी

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या कुरणवाडीत एक पक्का समज होता. बाईला अक्षर आलं की तिचा चुडा जातो, म्हणजे नवरा दगावतो, असं म्हणत. म्हणून लेकीसुनांना कुणी पाटीजवळ बसू देत नसे. त्या काळी पलीकडच्या पेठेतून भिवरा कासारीण डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन यायची.

कासारणीला कुठल्याच अंगणात मज्जाव नसतो, आणि ती बांगड्या भरायला बसली की पुरुषमाणूस आपणहून बाजूला होतो. भिवराच्या बांगड्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असत. तेच कागद दुकानादुकानांत दाखवून, याला विचार, त्याला विचार करत ती वाचायला शिकली होती. बाई मोठी धोरणी. बांगडी चढवताना हात दाबला की पोरी कळवळायच्या. मग ती म्हणायची, "इकडं ध्यान दे बाय, तळहातावर काय काढते ते ओळख." अक्षर ओळखेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असे. एका बांगडीला एक अक्षर, असं कित्येक वर्षं चाललं.

एके दिवशी सगुणाबाईंची नवी सून, गावातलीच लेक साळू, हिनं बांगड्यांचा कागद उलगडला आणि नकळत मोठ्यानं वाचलं, "टक्कल पडलेल्यांना खूशखबर!" ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांचा हात आधी पागोट्याकडे गेला, मग त्यांच्या ध्यानात आलं की सून वाचतेय.

कुणी शिकवलं ते साळूच्या तोंडून निघालं, आणि सगळं गाव चावडीवर जमलं. "माझा एकुलता एक लेक आहे हो," सगुणाबाई रडत म्हणाल्या. "या बाईला गावात पाऊल टाकू देऊ नका."

पाटील म्हणाले, "भिवरे, टोपली उचल. पुन्हा यायचं नाही."

त्या गावाच्या पोरी भिवरानं डोळ्यांदेखत वाढताना पाहिल्या होत्या. पण ती शांतपणे म्हणाली, "जाते पाटील. फक्त एक करा. अक्षर आलं ते बांगडीबरोबर आलं. ते अपशकुनी, तर बांगडीही अपशकुनी. माझ्या हातच्या बांगड्या सगळ्याजणींनी इथंच उतरवून द्या."

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. आपण जिवंत असताना बायकोच्या बांगड्या उतरवा, असं कोण म्हणणार? सगुणाबाईंनी सुनेचा हात चटकन पदराखाली झाकला. "बांगड्यांना हात लावायचा नाही. माझ्या लेकाच्या नावाच्या आहेत."

"मग अक्षरांचं काय करू, वैनी?"

पाटील खाकरले. "राहू द्या सगळं जिथल्या तिथं," म्हणाले आणि उठले.

साळूचा नवरा पुढं नातवंडांच्या लग्नात काठी टेकत नाचला. भिवरानं भरलेली बांगडी कधी वाढली नाही, म्हणजे फुटली नाही, असं म्हणतात. बायका नदीवर भांडी घासू लागल्या की पाण्यात बांगड्यांची हिरवी सावली पडे आणि त्या सावलीत अक्षरं तरंगत, असंही म्हणतात.

पण म्हातारी माणसं आवर्जून सांगतात ते निराळंच. पुढल्या संक्रांतीला सगुणाबाई भिवरासमोर बसल्या, हात पुढं केला आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाल्या, "बांगडी सैल आहे, दुखत नाही. तरी तळहातावर काढ काहीतरी."

आता बांगड्या प्लास्टिकच्या डब्यांतून येतात आणि पोरी मोबाइलवर वाचतात. तरी कुरणवाडीचा दुकानदार बांगड्या वर्तमानपत्रातच गुंडाळून देतो. लेकीला पहिली बांगडी भरताना आधी तिच्या तळहातावर अक्षर काढतात, आणि ती ओळखेपर्यंत बांगडी पुढं सरकवत नाहीत. ते अक्षर काढायचा मान घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा.