नदीचा जामीन

"नदीचा जामीन आणा, मगच बंधाऱ्याला पैसा मिळेल," असं गजेंद्रराजांनी भर दरबारात सांगून टाकलं आणि बोरदरे गावची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

महाराजांचं म्हणणं त्यांच्या मते अगदी सरळ होतं. बोरदऱ्याचा मातीचा बंधारा धावरी नदी दर पावसाळ्यात फोडायची, गाव दर वर्षी हात पसरत यायचं आणि खजिना दर वर्षी पाण्यात जायचा. या खेपेला गावानं दगडी बंधारा मागितला होता, आणि अर्धा खर्च स्वतः उचललाही होता. कुणी धान्य विकलं, कुणी बैल. हिरामण पाटकऱ्याच्या ठकूनं तर लग्नासाठी केलेले चांदीचे वाळे काढून दिले. हा सगळा ऐवज खजिन्यात जमा झाला. उरलेला अर्धा भार महाराजांनी उचलायचा, तर महाराज अडून बसले. ते एकदा अडले की त्यांच्या लाडक्या हत्तीनं ओढूनही हलायचे नाहीत! साध्या चोराला सोडतानाही आपण जामीन घेतो, मग दर वर्षी बंधारा पळवणाऱ्या नदीला मोकळी का सोडायची? अक्षय्य तृतीयेपर्यंत जामीन आला नाही, तर गावाच्या ऐवजासकट सगळा पैसा नव्या हत्तीखान्याला जाईल, असं त्यांनी बजावलं.

ठकू घरी येऊन हिशेब करू लागली. वाळ्यांचं एक वेळ सोडा. पण तिचा बाप पाटकरी, म्हणजे शेताशेताला पाळीनं पाणी सोडणारा माणूस. बंधारा नाही तर पाट कोरडा, आणि कोरड्या पाटावर तो बिचारा काय सोडणार?

इकडे दिवाण नरसोपंतांनी हुकमाची अंमलबजावणी जोरात सुरू केली. घाटाच्या ज्या पायरीवर दर श्रावणात राणीसाहेब नदीची ओटी भरायच्या, त्याच पायरीवर हवालदारानं उभं राहून नदीला दरबारात हजर होण्याचा हुकूम वाचून दाखवला. नदी उत्तर देते का, हे ऐकायला तो जरा वाकला, तर त्याचं पागोटं पाण्यात पडलं आणि वाहून गेलं. आरोपी सरकारी पागोटं घेऊन पसार झाली, असं दिवाणांनी जाहीर केलं.

घाबरलेल्या गावकऱ्यांनी मग नदी घागरीत भरून दरबारात आणली. दिवाणांनी आत डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. ही तर थोडीशीच आहे, बाकीची अजून फरारच आहे, असं म्हणून त्यांनी घागर कोठडीत टाकली. पहारेकऱ्याला तहान लागली, तो घागर पिऊन मोकळा झाला. आता आरोपी पहारेकऱ्याच्या पोटात! नाइलाजानं दिवाणांनी त्यालाही कोठडीत घातलं.

ठकूला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी ती बापाला घेऊन दरबारात गेली. तिनं महाराजांना मुजरा केला, पण बोलायला लागली ती दिवाणांशी. बाईमाणसाला जामीन कोण राहू शकतो, एवढंच तिनं विचारलं.

"बाप, नवरा नाहीतर भाऊ," दिवाण मिशीला पीळ देत म्हणाले.

"मानलेला भाऊ चालंल का?"

"चार लोकांत मानलेला असेल तर चालेल. मात्र माणूस ऐपतदार हवा. पळून जाणारा नको."

"मग नदीचा जामीन मिळाला, महाराज," ठकू वळून म्हणाली. "दर श्रावणात राणीसाहेब धावरीची ओटी भरतात, आणि आपण साऱ्या गावादेखत हात जोडून म्हणता, धावरीताई, भावाची साडीचोळी गोड मानून घे. तिला दुसरा भाऊ न्हाई. आणि आपल्यापेक्षा ऐपतदार माणूस आम्ही कुठनं आणावा?"

दिवाणांची मिशी पीळ सोडून खाली आली. हिरामणनं तर लेकीच्या नावानं मनातल्या मनात देव पाण्यात घातले.

महाराज सिंहासनावर पुढे सरकले. "आणि ताईनं बंधारा पुन्हा फोडला तर?"

"ती रागानं फोडत न्हाई, महाराज. तिला जायला वाटच ठेवत न्हाई आपण. बाजूनं रुंद सांडवा काढा, पूर आला की ती तिथनं मुकाट निघून जाईल. आणि दर श्रावणात साडीचोळीबरोबर बंधाऱ्याच्या डागडुजीची ओवाळणी घाला. भाऊ एकदाच ओवाळणी घालून मोकळा होतो का?"

"ते सगळं करू. तरीही फोडला तर?"

"तर जामीनदाराला धरून कोठडीत घालायचं," ठकू हात जोडून म्हणाली. "हुकूम आपलाच हाय."

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी सवयीनं मान डोलावली आणि मग घाबरून जीभ चावली. तेवढ्यानं महाराजांना हसू फुटलं. ते इतके हसले की मुकुट डोळ्यांवर आला, आणि तो वर सारायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही.

"नरसोपंत," ते धापा टाकत म्हणाले, "हत्तीखाना राहू द्या. आधी बंधारा बांधा, सांडवा काढा, आणि भिंत आणखी हातभर रुंद घ्या. मला कोठडीत बसायचं नाही! आणि त्या पहारेकऱ्याला सोडा." मग ते ठकूकडे वळले. "पोरी, तुला काय बक्षीस हवं ते माग."

ठकूनं खाली आपल्या मोकळ्या पायांकडे पाहिलं.

"बक्षीस नको. पण आमचं सारं गाव धावरीला आई म्हणतं. आईचा भाऊ म्हंजे आपण आमचे मामा." ती जरा थांबली. "मामा, भाचीचे वाळे तेवढे तुमच्या खजिन्यात राहिलेत."

महाराजांनी स्वतः उठून खजिन्यातून वाळे आणले आणि वर सोन्याचे गोठ घातले. त्या दिवसापासून बोरदऱ्याच्या लहानथोरांनी त्यांना महाराज म्हणायचं सोडून दिलं, आणि दर श्रावणात मामा ओवाळणी घेऊन आले की आधी बंधाऱ्याची भिंत स्वतः ठोकून बघत.