आधी कोण वळलं?

एकदा एक तरुण यंत्रमागांच्या पेठेत दारोदार एकच प्रश्न विचारत फिरत होता, "माझ्या ताईला रक्त द्यायला तुम्हाला कुणी बोलावलं?"

ताई वाचली नव्हती. पण त्या दिवशी माग बंद ठेवून, मजुरी बुडवून सारी पेठ दवाखान्यासमोर उभी राहिली होती. त्याने तर कुणाला हाकही मारली नव्हती. ज्याने ही माणसं आणली, त्याच्या पाया पडल्याशिवाय अस्थी नदीत सोडणार नाही, असा पण तो दुःखाच्या भरात करून बसला. अस्थींचं गाठोडं झाडाला टांगलेलं होतं. आई अन्नाला शिवत नव्हती.

"मला यल्लव्वाने सांगितलं," हलीमाबी म्हणाली.

"मी तर हलीमाच्या मागनं गेले की रं!" यल्लव्वा म्हणाली.

"सगळे मिळून लपवताय!" तो खेकसला आणि तडक आपल्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेला.

"सातवीतून पळालास, तो आज उगवलास होय?" गुरुजी म्हणाले. गाऱ्हाणं ऐकून घेतल्यावर त्यांनी कॅल्क्युलेटरवर आठाचे आकडे उमटवले आणि उकळत्या चहाचं भांडं त्याच्या काचेवर ठेवलं.

"अहो गुरुजी, बिघडेल की!"

भांडं उचललं, तर काच काळीकुट्ट. आकडे गायब. गुरुजी स्वस्थ चहा पीत बसले. काच निवली, तसे आकडे आपसूक परतले.

"या काचेआड एक द्रव आहे," गुरुजी म्हणाले. "त्याचे कण काड्यांसारखे लांबट, एकमेकांच्या कलाने राहणारे. विजेचा ओढा एकट्या कणाला जाणवूही नये इतका क्षीण; त्याची स्वतःची चुळबुळच त्याहून मोठी. पण तो ओढा सर्वांना एकदम लागतो, आणि शेजारी कलला की हाही कलतो. सारे मिळून वळतात, तेव्हा आकडा दिसतो. फार तापले, की जो तो आपल्याच दिशेला. वीज असते, आकडा नसतो."

"पण आधी कोण वळलं?"

"आधीचा असा कुणी नसतो, बाळ. तुझ्या ताईचं दुखणं साऱ्या पेठेला लागलं होतं. तू अजून तापलेला आहेस, म्हणून तुला एकच माणूस हवा आहे."

तरुण बराच वेळ रडला. मग त्याने गुरुजींना नमस्कार केला.

दुसऱ्या सकाळी त्याने अस्थी कलशात घेतल्या. लोकांची पुन्हा मजुरी बुडू नये म्हणून नदीवर जाता जाता तो प्रत्येक कारखान्याच्या दाराबाहेर थांबला. अंगावरचा कापूस झटकत एकेक जण बाहेर येई, कलशाला हात लावी. आणि तो वाकून त्या प्रत्येकाच्या पाया पडे.