पाटोबा आणि हवा

लोखंड अजून बोलायचं, तेव्हाची ही गोष्ट.

तुळजाराम ड्रायव्हरच्या ट्रकला पुढच्या चाकांवर स्प्रिंगचा एक जुना पोलादी पाटा होता. भार पेलायचा, पण वाकायचा जेमतेम. प्रत्येक खड्डा तुळजारामच्या कमरेत बसायचा. शेवटी त्यानं पाटा काढून तिथं हवेचे फुगे बसवले.

"फुग्यावर ट्रक चालतो होय?" पाटा भडकला.

"पाटोबा," हवा हळूच म्हणाली, "खड्डा आला की मी बसते, गेला की उठते. एवढंच." आणि ट्रक ढगावरून जावा तसा तरंगत निघून गेला.

पाटा भंगारात गंजत पडला. एके दिवशी चांगुणा लोहारीण तिथं आली आणि त्याला निरखून म्हणाली, "विळ्यासाठी मला अस्साच पाटा हवा!"

"मी हवा नाही!" पाटा खेकसला. "नुसता पाटा म्हण!"

चांगुणा हसली. तिनं त्याला भट्टीत ठेवून भाता ओढला. त्या तांबूस उजेडात पाट्याला गुंगी आली, आणि एक ओळखीची फुंकर अंगावरून गेली.

"तूच का गं?"

"मीच. आता तरी वाकाल ना?"

पाटा चंद्रकोरीसारखा अलगद वाकला.

सुगीत बायका म्हणू लागल्या, "विळा हवा तर असा हवा!"

या वेळी मात्र तो खेकसला नाही.