टेकाईच्या पाठीवरची चीर

"पण विष काढायला हरकत काय, बुवा?"

धैर्यशीलनं पुन्हा तेच विचारलं. सोमगिरी बुवा वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी टेकाईचा गुरव. गाभाऱ्यात देवीला तेल-शेंदूर चढवत होतो, म्हणून सगळं कानावर पडलं. मुद्दाम ऐकत नव्हतो. बरं बाबा, ऐकतच होतो.

हा धैर्यशील आमच्याच गावचा, लहानपणापासून बुवांच्या पायाशी वाढलेला. आता कऱ्हाडात पाणी शुद्ध करायची मशिनं विकतो. पाण्यात काय काय असतं ते असं सांगेल, की समोरच्याचा घोट घशातच अडकावा. बरोबर बायको वैजयंता आणि पोरगा ओजस. सहा वर्षांचा, देखणा. बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. खांबाला गाल लावून एकटाच गुणगुणत उभा होता.

"पुण्यातल्या एका क्लिनिकनं त्याचे केस तपासलेत," धैर्यशील म्हणाला. "पारा, शिसं, सगळं जास्त निघालं. सलाइनमधून औषध देतात, ते अंगातले धातू ओढून बाहेर काढतं. सोमवारी पहिलं सलाइन आहे. तुम्ही फक्त अंगारा लावा."

"आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं सांगा की," वैजयंता म्हणाली. "त्यांनी रक्त तपासलं, बुवा. शिसं-पारा काही नाही म्हणाल्या. पोर असंच आहे, त्याला त्याच्या कलानं शिकवायचं म्हणाल्या. आणि हे औषध विनाकारण दिलं, तर अंगातलं कॅल्शियमसुद्धा ओढून नेतं. लेकरू सलाइन चालू असतानाच..."

तिनं खांबाशी उभ्या ओजसकडं बघितलं.

"त्यांना काय कळतंय!" धैर्यशील खेकसला.

एवढ्यात पोरगा गाभाऱ्यात आला आणि त्यानं देवीवर दोन्ही हात ठेवले. बाप धावत आला.

"हात लावू नको! शेंदरात शिसं असतं."

माझं डोकंच फिरलं. "आता आमची देवीबी विषारी झाली काय रे?"

"खरं तेच सांगतोय तो," बुवा म्हणाले. ते तांब्या घेऊन उठले, पोराचे हात स्वतः धुतले, आपल्या उपरण्याला पुसले.

मी शेंदराची वाटी बाजूला सरकवली.

धैर्यशील पोराच्या ओल्या हातांकडं बघत होता.

"दीड वर्षाचा होता तेव्हा 'आबा' म्हणायचा मला. दारात गाडीचा आवाज आला की दुडूदुडू धावत यायचा. मग एकेक शब्द गेला... आता काही हवं असलं की माझं मनगट धरतो आणि ओढत नेतो. सांडशी उचलावी तसा. तोंडाकडं बघतसुद्धा नाही."

त्यानं पोराच्या छातीवर हात ठेवला.

"माझा पोरगा आत आहे, बुवा. वर हे विष चढलंय. ते उतरवलं की तो बाहेर येईल."

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"टेकाईबद्दल पण तू हेच म्हणाला होतास," ते म्हणाले.

धैर्यशीलची मान खाली गेली. मला ते सगळं आठवत होतं.

आमची टेकाई म्हणजे तांदळा. नाक नाही, तोंड नाही, नुसता गोल दगड. वर शेंदराचे थर आणि चिकटवलेले चांदीचे डोळे. पलीकडच्या गावात देवाच्या शेंदराचं कवच गळून पडलं आणि आत कोरीव मूर्ती निघाली, तेव्हा आमच्या तरण्या पोरांच्या अंगात आलं. आपली देवी पण आत असणार! छिन्नी घेऊन सगळ्यात पुढं हाच. शेंदूर संपला, काळा दगड लागला. तरी ह्याचं आपलं चालूच, अजून आत असेल, अजून आत असेल. बुवा हात जोडून नको म्हणत होते. शेवटी दगडच तडकला.

बुवांनी त्याचा हात धरला आणि त्याला देवीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं शेंदूर लावत नाहीत. तिथं उभी चीर आहे, वरपासून खालपर्यंत. त्याची बोटं त्यांनी त्या चिरेवर ठेवली.

"आत कोण निघालं?"

"...कुणी नाही."

"मग काय होतं?"

"दगडच होता, बुवा. तोच दगड."

"टेकाई होती," बुवा म्हणाले. "तू हात घालायच्या आधीपासून."

धैर्यशील तिथंच भिंतीला टेकला, हात चिरेवरच.

"मग तो आबा म्हणणारा कुठं गेला?"

"मला ठाऊक नाही, बाळा."

बुवांचेही डोळे भरले होते. मी उगाच समई पुसत राहिलो.

तेवढ्यात ओजस आला. बापाचं मनगट धरलं, चिरेवरनं हात काढला आणि त्याला ओढत सभामंडपात नेलं. घंटेखाली उभं केलं. बापाचा हात वर ढकलू लागला.

धैर्यशील नुसताच उभा.

"वाजवा की," वैजयंता म्हणाली. "त्याला ऐकायचीय."

त्यानं घंटा वाजवली. पोरगा टाचा उंचावून, घंटेकडं बघत हसला.

बापानं तोंडावर हात घेतला.

"मला तो हवाय, बुवा... तो आतला."

घंटेचा नाद हळूहळू विरत गेला. पोरानं पुन्हा बापाचं मनगट धरलं.

"तो आला, धैर्यशील," बुवा म्हणाले, "तर ह्याला कुठं सोडून येशील?"