विसावं घर

“...म्हणजे चोवीस वर्षं मी जे केलं, त्याला बाहेर काहीच किंमत नाही?”

हिंदुराव काटकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. तो मठाच्या पायरीवर बसला होता, पण पाठ ताठ होती. वर्षापूर्वी तो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी आला होता.

केवळगिरी महाराज चिंचा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठं कुठं गेलास?”

“पुण्याला. एका कंपनीच्या गेटवर. साहेब लोक गाडीची काच खाली घेत नाहीत. आतूनच बोट हलवतात, फाटक उघड म्हणून. माझ्या हाताखाली चाळीस जवान होते, महाराज. आठ दिवसांत सोडली.”

“मग?”

“शाळेची बस चालवली. पोरं रांगेत चढेनात म्हणून ओरडलो. एक मुलगी इतकी भ्याली, की दुसऱ्या दिवशी बसजवळच येईना. तिथूनही निघालो.”

“मग?”

“एका ऑफिसात गेलो. बाईंनी फॉर्म दिला. कामाचा अनुभव लिहा म्हणाल्या. अर्धा तास पेन धरून बसलो... आणि कोरा फॉर्म परत दिला.”

“आणि घरी?”

“पहाटे उठतो. दाढी करतो, बुटाला पॉलिश करतो. मग ओट्यावर बसतो.” हिंदुरावचा आवाज खाली आला. “बायको माहेरी गेलीय. म्हणाली, हुकूम ऐकून कान किटले.”

महाराजांनी चिंचोके बाजूला सारले.

“शेवटी शेवटी फौजेत काय काम होतं तुझ्याकडं?”

हिंदुराव खालच्या वाटेकडं बघू लागला.

“विचारलं मी.”

“पेट्या पोचवायचं.”

“कसल्या?”

“जवानांच्या... शवपेट्या. त्यांच्या त्यांच्या गावी. घरच्यांना बऱ्याचदा अर्धंच कळलेलं असायचं. जखमी आहे, एवढंच. पुढचं मी सांगायचो. चार वर्षांत एकोणीस घरं केली.” तो उठून उभा राहिला. “ते सोडा. ते काही काम नव्हे. फॉर्मवर लिहिता येत नाही ते.”

महाराजांनी पुढची चिंच उचलली.

तेवढ्यात पोलीस पाटील चढण चढून आले. पाठीमागं दहा-बारा माणसं.

“महाराज, पारूबाईचा दिगंबर गेला,” पाटील म्हणाले. “बोअरच्या गाडीवर होता, तिकडं कर्नाटकात. काल संध्याकाळी गाडीचा लोखंडी मनोरा विजेच्या तारेला लागला. जागच्या जागी... आत्ता फोन आला. उद्या सकाळपर्यंत आणतील त्याला.”

“पारूबाईला सांगितलं?”

पाटलांनी बाकीच्यांकडं पाहिलं. बाकीच्यांनी जमिनीकडं.

“एकुलता एक पोरगा, महाराज. कुणाचं धाडस होईना. तुम्ही चला. तुमच्या तोंडून...”

महाराज उठले नाहीत. त्यांची नजर हिंदुरावकडं गेली आणि तिथंच थांबली.

“मी नाही,” हिंदुराव म्हणाला.

महाराज बघत राहिले.

“मी नाही म्हटलं ना! हे सोडून आलोय मी.”

कुणी हललं नाही. हिंदुरावनं पायात चपला सरकवल्या आणि ताडताड पायऱ्या उतरला. सगळ्यांना वाटलं, रागानं घरी चालला. पण खालच्या वळणावर तो क्षणभर थबकला आणि पारूबाईच्या घराच्या वाटेला लागला.

पाटील मागं धावले. दारापाशी हिंदुरावनं हात आडवा करून त्यांना थांबवलं. “घोळका करू नका. नुसती माणसं बघूनच कळतं तिला. शेजारची एखादी बाई तेवढी बोलवा. ओट्यावर बसवून ठेवा.”

पारूबाई अंगणात शेंगा निवडत होती.

“कोण? काटकराचा हिंदुराव व्हय? ये बाबा.”

त्यानं चपला काढल्या. तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिच्यापुढचं सूप हलक्या हातानं बाजूला केलं.

“मावशी, जरा भिंतीला टेकून बसा.”

“का रं?”

“बसा.”

ती टेकली. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

“मावशी, दिगंबर गेला. काल संध्याकाळी, कामावर असताना. विजेचा धक्का बसला. उद्या सकाळी त्याला घरी आणतायत.”

अपघात झालाय, दवाखान्यात आहे, धीर धरा... असलं काही तो बोलला नाही. तिनं हात सोडवून घ्यायला हिसका दिला. त्यानं सोडले नाहीत. तिनं त्याच्या छातीवर डोकं आपटलं, त्याला शिव्या घातल्या, तू कोण सांगणारा म्हणाली. तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पोराचं तोंड आईला कुठवर दाखवायचं, कुठला भाग झाकायचा, ते त्यानंच पाहिलं. फाटलेल्या बाहीवर चादर ओढली आणि मगच तिला पुढं आणलं. अग्नी दिल्यावर माणसं पांगली, तेव्हाही तिला घरापर्यंत धरून त्यानंच आणलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो मठात आला. दाढी वाढली होती.

“तुम्ही का नाही गेलात?” आल्या आल्या त्यानं विचारलं. “गाव तुमच्या पाया पडतं. तुम्ही जायला हवं होतं.”



“तिचा नवरा वारला तेव्हा मीच गेलो होतो. आत्मा अमर आहे, असं सांगून आलो.” महाराजांनी खालच्या पायऱ्यांकडं पाहिलं. “त्यानंतर ती या पायऱ्या कधी चढली नाही.”

हिंदुराव खाली बसला. पहिल्यांदाच त्याची पाठ वाकली होती.

“आज निघताना तिनं विचारलं, उद्या येशील का रं? मी तसाच इकडं आलो. महाराज, माझ्यानं नाही होत. झोप लागत नाही. त्या सगळ्या बायांचे हात अजून मनगटावर असल्यासारखे वाटतात.” त्यानं डोळे पुसले नाहीत. “मला कसलंही काम सांगा. माती उपसतो, गुरं राखतो. फक्त असं काम द्या, जिथं कुणाचं रडणं कानावर येणार नाही.”

महाराजांनी आपल्या अंगावरच्या विटक्या भगव्या कपड्याकडं पाहिलं. त्याचं टोक चिमटीत धरलं... आणि सोडून दिलं.

“त्याच कामाच्या शोधात हे अंगावर घातलं, हिंदुराव. चाळीस वर्षं झाली.”