साबाजीने वाचवलेली कौलं

समुद्राच्या अगदी काठावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा माणूस होता. नाव साबाजी. सांगाल ते काम करायचा. त्याच्याबद्दल तक्रार एकच होती, की सांगितलेलं तो विसरत नसे.

त्याची बायको शालन मात्र हुशार. सुकी मासळी विकून विकून तिने त्या वर्षी घरावर कौलं चढवली होती. त्याआधी वर झावळ्या होत्या. त्या गळायच्या, आणि ती पावसाळाभर एकेका धारेखाली टोप सरकवत बसायची. आता येता-जाता ती मान वर करून कौलांकडे बघे आणि खूश होई. तिचं वैभव म्हणाल तर तेवढंच.

आणि नेमकी तेव्हाच गावात जीप फिरली. भोंग्यातला माणूस ओरडून सांगत होता, चक्रीवादळ येतंय, घरदार आवरून ठेवा आणि संध्याकाळच्या आत शाळेत या.

शालनने पदर खोचला. "अवो, पयली ती होडी पालथी घाला. नायतर पावसाचा पाणी भरतला."

साबाजीने होडी पालथी घातली. कामाला तो वाघ होता. शालन जळणाची लाकडं घेऊन घरात आली तर सगळी भांडी पालथी. तांदळाचा डबा, कोकमाचं आगळ, दुधाचं पातेलं. दूध उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं.

"ह्या काय केल्यात?"

"पालथा घातलंय. आता पावसाचो एक थेंब भराचो नाय."

ते खोटं नव्हतं. शालनने डोक्याला हात लावला. "भरलेला भांडा कोण पालथा घालता? तेच्यार झाकण ठेवायचा, वर धोंडो ठेवायचो."

"ह्या आधी सांगूक व्हया होता," साबाजी म्हणाला.

पडवीत टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. साबाजीने वाकून बघितलं. टोपली भरलेली होती. त्याने तिच्यावर झाकण घातलं आणि वर एक चांगला जड धोंडा ठेवला. टोपली बसली. कोंबडी कशीबशी निसटली. अंडी निसटली नाहीत.

शालन धावत आली. "अवो, जित्या जिवाक असा दाबून ठेवतत? वादळात तेका मोकळा सोडतत. दोरी कापायची नि जा म्हणायचा. जीव आपली वाट आपण शोधता."

साबाजीने मान हलवली. गोठ्यात जाऊन गाय सोडली, शेळी सोडली. हे अगदी बरोबर झालं. इथेच तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

अंगणात त्याची काशीआत्या होती. म्हातारीचे गुडघे केव्हाच गेले होते. तिला शाळेत उचलून न्यायचं म्हणून शालनने खुर्चीत बसवलं होतं, आणि वाटेत पडू नये म्हणून लुगड्याच्या दोरीने बांधलं होतं. शालन शेजाऱ्यांना हाक मारायला गेली. साबाजी कोयता घेऊन आला. दोरी कापली.

"आते, जा."

"खंय जाव, मेल्या? माझे पाय चालतत काय?"

"तुझी वाट तू शोध. जीव शोधता."

आणि त्याने खुर्ची जराशी वाकडी केली, तिला निघायला सोपं जावं म्हणून. म्हातारी घसरून तुळशीपाशी जाऊन बसली आणि तिथून साबाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. त्या पिढ्या तिच्याही होत्या, पण रागात ते कुठे लक्षात राहतं.

परत आलेल्या शालनचा आवाज आता रडवेला झाला. "अवो, म्हातारीची हाडां काचेची. फुटणारी वस्तू अशी टाकतत? ती हळू खाली उतरवायची, गोधडीत गुंडाळायची नि खाटेखाली जपून ठेवायची. कळला?"

"कळला."

"मी आतेक शाळेत घेऊन जातंय. तुमी घर बघा. आणि माझ्या कौलांका जपा हां. एक कौल फुटला तर माझो जीव जायत."

शेजाऱ्यांनी म्हातारीला परत बसवून खुर्ची उचलली. शालन गेली.

साबाजी घरात एकटा उरला. फुटणारं काय काय आहे ते बघू लागला. लोणच्याची बरणी होती. ती त्याने हळू खाली उतरवली, गोधडीत गुंडाळली, खाटेखाली ठेवली. मग आरसा. मग देवाची तसबीर. काम छान चाललं होतं. सगळं झालं का बघायला त्याने मान वर केली.

वर तर सगळंच फुटणारं होतं.

त्याने शिडी लावली. एकेक कौल फुलासारखं उचललं. गोधड्या संपल्या तेव्हा शालनची लुगडी घेतली, लुगडी संपली तेव्हा स्वतःचं धोतर सोडलं. खाटेखालची जागा भरली, मग खाटेवर रचली. शेवटचं कौल उतरलं तेव्हा वारा सुटला होता. साबाजी लंगोटीवर शाळेत पोचला.

"माझी कौलां?" शालनने विचारलं.

"बिनघोर झोप. एकाक वारो लागाचो नाय."

बाहेर वादळ घोंघावत होतं आणि शालन निवांत झोपली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या भरवशावर ती पहिल्यांदाच झोपली होती.

सकाळी सगळे घरी परतले. गावातल्या प्रत्येक घरावरची कौलं उडून फुटून वाटेवर पडली होती. दगडी भिंती तेवढ्या शाबूत होत्या. साबाजीच्या घराच्या भिंती मातीच्या. त्या छपराशिवाय रात्रभर भिजल्या आणि विरघळून बाहेरच्या अंगाला बसल्या. मधोमध खाट तेवढी उभी होती. साबाजीने गोधड्या सोडल्या, लुगडी सोडली. एकेक कौल वाजवून बघितलं. ठण्ण. एकालाही चीर नव्हती. अख्ख्या गावात भिंती सगळ्यांकडे होत्या आणि कौलं एकट्या साबाजीकडे.

शालन चिखलात मटकन बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

साबाजीला फार वाईट वाटलं. तो तिच्याजवळ बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "रडू नको गो. चुकला माझा. फुडल्या वादळाक भिंतीपण आधीच उतरवून ठेवतलंय."